मुळशीचा कातळ व देवघरांतील शालग्राम

(१) प्रश्नाचें स्वरूप

जुन्या वस्तूंच्या संग्रहांत वस्तूइतकेंच तिच्याबरोबर आलेल्या चिठ्ठीस महत्त्व असतें. परंतु पुष्कळ चिठ्ठ्यांवर ‘अमुक गांवीं मिळाला’ एवढेंच लिहिलेलें असतें, आणि ‘मिळाला’ ह्या एका शब्दांत दोन अगदीं निराळे अर्थ सामावतात. वस्तु त्या गांवच्या भूमींत उपजली, हा एक अर्थ. व ती त्या गांवच्या एखाद्या घरांत होती, हा दुसरा. नाणें, ताम्रपट किंवा पोथी ह्यांच्या बाबतींत हा घोटाळा सहसा होत नाहीं, कारण तीं मनुष्याच्या हातचीं आहेत हें उघड दिसतें. शालग्राम, चक्रांकित शिळा, शंखाच्या आकाराचा दगड असे निसर्गानें घडविलेले पदार्थ हातीं आले म्हणजे मात्र चांगले जाणते संग्राहकहि चकतात, आणि ‘मिळाला’ याचा अर्थ ‘तेथल्या जमिनींत सांपडला’ असा करून मोकळे होतात.

पुणें जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीला लागून असलेला मुळशी तालुका, म्हणजे जुन्या व्यवस्थेंतील मुळशी पेटा, ह्या चुकीचें चांगलें उदाहरण होण्यासारखा आहे. तेथील जुन्या घराण्यांच्या देवघरांत शालग्राम असतात, आणि शालग्राम हा समुद्रांत राहणाऱ्या एका प्राण्याचा दगड झालेला अवशेष आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र केल्या कीं ‘मुळशीपर्यंत एके काळीं समुद्र होता’ असें अनुमान सहज निघतें. आणि परशुरामानें समुद्र मागें हटविल्याची कथा सर्वांस ठाऊक असल्यामुळें तें मनास पटतेंहि. आमच्या मतें हें अनुमान टिकण्यासारखें नाहीं. कोणत्या प्रदेशांत कोणते सागरी प्राणी दगडाच्या रूपानें मिळावेत हें त्या प्रदेशाच्या खडकाचें वय व त्याची उत्पत्ति ह्यांवरून ठरतें. मुळशीच्या खडकाचें वय व उत्पत्ति आज चांगली निश्चित झालेली आहेत, आणि त्यांत शालग्रामास जागा नाहीं. सबब मुळशींतील शालग्राम हा समुद्राचा पुरावा नसून मनुष्याच्या प्रवासाचा पुरावा आहे. एवढेंच सिद्ध करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) खडकाचें वय व त्यांतील प्राणी

हा विषय पोथ्यांच्या अभ्यासकांस परका वाटण्याचें कारण नाहीं. पोथीचा काळ ठरवितांना आपण जी रीति वापरतों तीच भूस्तरशास्त्रांत चालते. एखाद्या बखरींत पानिपतच्या रणाचा उल्लेख असला तर ती बखर १७६१ च्या पूर्वींची असूं शकत नाहीं. उलट, वनस्पतितेलाच्या शाईनें छापलेल्या पुस्तकांत कोणी हस्तलेखाची वळणें शोधूं लागला तर तें काम व्यर्थ होय. कारण पुस्तक कसें तयार झालें ह्यावरच त्यांत काय असूं शकेल हें अवलंबून असतें. खडकासहि हेच दोन प्रश्न विचारावयाचे: तूं केव्हांचा, आणि तूं कसा झालास?

दुसरा प्रश्न आधीं घेऊं. समुद्राच्या तळाशीं चिखल, वाळू व चुना ह्यांचे थर सांचत जातात. त्यांत मेलेल्या प्राण्यांचीं कवचें पुरलीं जातात, थर दाबून घट्ट होतात, आणि कवचाच्या जागीं हळूहळू खनिज द्रव्य बसतें. अशा सांचलेल्या खडकांतच जीवाश्म, म्हणजे दगड झालेले जीवावशेष, मिळावयाचे. पृथ्वीच्या पोटांतून तापलेला रस वर येऊन जो खडक थिजतो, त्यांत कवच टिकण्याचा संभव जवळ जवळ नसतो.

आतां वयाचा प्रश्न. थर पोथीच्या पानांप्रमाणें एकावर एक रचलेले असतात. खालचें पान आधींचें, वरचें नंतरचें. प्रत्येक थरांत त्या त्या काळीं जिवंत असलेलेच प्राणी सांपडतात. ट्रायलोबाइट नांवाचे खंडमय अंगाचे सागरी प्राणी सुमारे २५ कोटि २० लाख वर्षांपूर्वीं नष्ट झाले. त्यांहून नव्या खडकांत ते नसतात. अमोनाइट हे वेटोळ्या कवचाचे प्राणी सुमारे ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं संपले. नाण्यासारख्या चपट्या आकाराचे नुम्युलाइट त्यांच्यानंतर भरभराटीस आले. इजिप्तमधील पिरॅमिडांच्या दगडांत ते विपुल आहेत, आणि ते बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणांतील मसुरा दगड होऊन राहिल्या अशी समजूत तेथें प्रचलित असल्याचें स्ट्रॅबो ह्या ग्रीक भूगोलवेत्त्यानें नोंदविलें आहे. तात्पर्य, अमोनाइट व नुम्युलाइट एकाच थरांत एकत्र नांदावयाचे नाहींत. ज्यास खडकाचें वय ठाऊक आहे त्यानें न खणतांहि सांगावें कीं येथें काय मिळेल व काय मिळणार नाहीं.

(३) मुळशीचा खडक

ताम्हिणीच्या घाटानें कोंकणांत उतरतांना डोंगरांच्या कड्यांकडे पाहिलें असतां एकावर एक रचलेल्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. घनगड व कैलासगड ह्यांचे कडेहि अशाच ताशीव पायऱ्यांचे आहेत. ह्या पायऱ्यांवरूनच युरोपांतील शास्त्रज्ञांनीं असल्या खडकास ‘ट्रॅप’ हें नांव दिलें. स्वीडनकडील भाषांत त्या शब्दाचा अर्थ जिना असा आहे. आपल्याकडे त्यास काळा पाषाण किंवा काळवथर म्हणतात. शास्त्रांत तो बेसॉल्ट, आणि त्यानें व्यापलेला सर्व प्रदेश म्हणजे ‘डेक्कन ट्रॅप’. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांत येतो. मुळशी तालुका तर आंतबाहेर सर्व त्याचाच आहे.

हा खडक ज्वालामुखीच्या रसाचा आहे. परंतु एका उंच शिखरांतून निखारे उडावेत तसा तो उडाला नाहीं; भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून पातळ रस वाहिला व दूरवर पसरून थिजला. पुन्हा रस आला, पुन्हा थिजला. अशा शेंकडों थरांची ही रास आहे. तिच्या मुख्य भागाचें वय सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षें असून तो भाग दहा लाख वर्षांच्या आंत रचला गेला, असें किरणोत्सर्गी द्रव्यांच्या मोजमापावरून निश्चित झालें आहे. थरांच्या मधल्या तांबड्या मातींत सांपडणाऱ्या झिरकॉन नांवाच्या सूक्ष्म स्फटिकांत युरेनियमचें शिसें किती झालें हें मोजून हा काळ काढतात. त्या वेळीं भारतभूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, आणि हिमालयाचा जन्महि झालेला नव्हता.

ह्या तांबड्या मातीकडे वाचकांनीं मुद्दाम लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. घाटाच्या रस्त्यासाठीं डोंगर कापलेला असतो तेथें काळ्या खडकाच्या दोन थरांमध्यें विटेच्या रंगाची एक पट्टी पुष्कळदां दिसते. एक रस थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्यांत पहिल्याचा पृष्ठभाग ऊन, वारा व पाऊस ह्यांनीं झिजून माती झाली. तीच माती नंतरच्या रसाखालीं सांपडून भाजली गेली. ही पट्टी म्हणजे त्या काळीं तेथें उघडी जमीन होती, समुद्र नव्हता, ह्याचा डोळ्यांनीं पाहतां येईल असा दाखला आहे. रस पाण्याखालीं ओतला गेला असता तर लोड एकावर एक रचावेत तसे त्याचे गोल गठ्ठे झाले असते.

येथें अशी शंका येणें साहजिक आहे कीं, वरचा खडक ज्वालामुखीचा असो, त्याच्या खालीं जुन्या समुद्राचे थर कशावरून नसतील? ह्या शंकेचें उत्तर मुळशीच्या दक्षिणेस कोयनेच्या खोऱ्यांत मिळतें. तेथील भूकंपांचा अभ्यास करण्यासाठीं अलीकडे खोल भोकें पाडण्यांत आलीं. त्यांपैकीं एकांत सुमारें ९३० मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर एकदम ग्रॅनाइटाच्या जातीचा अतिप्राचीन खडक लागला. मध्यें सागरी थर मिळाला नाहीं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथें पाडलेल्या भोकांत सुमारें ३३८ मीटर बेसॉल्टखालीं थोड्याशा जाडीचा गाळ व त्याखालीं तसलाच प्राचीन खडक निघाला. ह्यावरून दिसतें कीं, रस पसरला तेव्हां दख्खनचा हा भाग फार प्राचीन काळापासून उघडा पडलेला भूभाग होता. आणि खालीं कांहीं असतें तरी हजारभर मीटर खोलीवरचा दगड नदीच्या पात्रांत येऊन कोणाच्या हातास लागला नसता.

(४) ट्रॅपांतील जीवावशेष

ट्रॅपांत जीवाश्म मुळींच नाहींत असें मात्र समजूं नये. दोन रसांच्या मधल्या शांत काळांत ठिकठिकाणीं तळीं झालीं, त्यांत गाळ सांचला व प्राणी राहिले. नागपुराजवळ टाकळी येथील अशा थरांतून स्टीफन हिस्लॉप ह्या मिशनरी विद्वानानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुष्कळ अवशेष गोळा केले. त्यांत फायसा जातीच्या गोगलगाईंचीं कवचें प्रसिद्ध आहेत. हीं गोड्या पाण्यांतलीं. मुंबईस वरळीच्या टेकडींतील थरांत लहान बेडूक इतक्या संख्येनें मिळाले कीं त्यांवर १८४७ मध्यें रिचर्ड ओवेन ह्या विख्यात शरीरशास्त्रज्ञानें निबंध लिहिला. मुंबईच्याच थरांतून कांसवहि मिळालें. बेडूक खाऱ्या पाण्यांत राहणारा प्राणी नव्हे हें सांगावयास नको. म्हणजे आज जेथें समुद्राच्या लाटा आदळतात त्या मुंबई बेटावर त्या काळीं गोड्या पाण्याचीं तळीं होतीं; मग घाटमाथ्यावरच्या मुळशीविषयीं बोलावयासच नको.

रसाची व समुद्राची गांठ जेथें खरोखर पडली तेथें तिच्या खुणा राहिल्या आहेत. आंध्र प्रदेशांत राजमहेंद्रीजवळ ट्रॅपाचें पूर्वेकडील टोंक आहे. तेथें दुदुकुरू येथील चुनखडींत टरिटेला नांवाचे मळसूत्री सागरी शंख मिळतात, व रसांच्या मधल्या थरांत समुद्रावर तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचीं कवचेंहि मिळालीं आहेत. मध्य प्रदेशांत छिंदवाडा जिल्ह्यांतील झिलमिली येथें असेच सूक्ष्म प्राणी सांपडल्यामुळें समुद्राचा एखादा फांटा तितका आंत आला असावा असें कांहीं विद्वान् मानतात. जेथें समुद्र होता तेथें तो आपली साक्ष अशी ठेवून जातो.

(५) सागरी जीवाश्मांचे प्रदेश

मग आपल्याकडे सागरी जीवाश्म कोठें मिळतात? मुळशीहून निघून दिशा धरून पाहूं.

उत्तरेस नर्मदेच्या खोऱ्यांत बाघ येथें, म्हणजे जेथील लेणीं चित्रांसाठीं प्रसिद्ध आहेत तेथें व त्याच्या आसपास, ट्रॅपाच्या खालीं सागरी चुनखडी आहे. तिचें वय ठोकळ मानानें नऊ ते दहा कोटि वर्षें. तींत अमोनाइट, कालवें व सागरी अर्चिन मिळतात. नर्मदेच्या मुखाकडून समुद्राचा एक हात त्या काळीं आंत शिरला होता. वायव्येस कच्छांत ह्याहून जुने, जुरासिक काळाचे थर आहेत. तो काळ २० कोटि ते साडेचौदा कोटि वर्षांपूर्वींचा. तेथील अमोनाइट इतके विपुल व विविध आहेत कीं वाघेन ह्या विद्वानानें १८७० नंतरच्या दशकांत त्यांवर मोठा ग्रंथ रचला, व १९२७ ते १९३३ ह्या काळांत स्पाथ ह्यानें त्याची सहा भागांत सुधारणा केली. दक्षिणेस तामिळनाडूंत अरियलूर व तिरुचिरापल्लीकडे ट्रॅपाच्या थोड्या आधींच्या काळाचे सागरी थर आहेत. त्यांतील प्राण्यांचें वर्णन फर्डिनांड स्टोलिच्का ह्यानें केलें. सुरत व भडोच ह्यांच्या बाजूस ट्रॅपाच्या वर, म्हणजे त्यानंतरच्या, सागरी थरांत नुम्युलाइट मिळतात. अमोनाइट मात्र तेथें मिळावयाचे नाहींत, कारण तोंपर्यंत त्यांचा वंश संपला होता.

पश्चिमेस कोंकण आहे. तेथील किनाऱ्यास शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा घट्ट झालेला दगड जागोजाग दिसतो. तो समुद्राचाच खरा. परंतु वयानें अगदीं लहान, कांहीं हजार वर्षांचा. त्यांतलीं कवचें आजच्या किनाऱ्यावरील प्राण्यांसारखींच आहेत, आणि तो किनारा सोडून घाटाकडे चढत नाहीं.

ह्या सर्वांचा मेळ घातला असतां नियम आपोआप दिसतो. एकाच पश्चिम भारतांत कच्छ, बाघ, भडोच व कोंकण हे चार प्रदेश चार निरनिराळ्या समुद्रांच्या साक्षी देतात. प्रत्येकाचे साक्षीदार निराळे, कारण प्रत्येकाचा काळ निराळा. मुळशीचा खडक ह्या मालिकेंत बाघच्या नंतरचा व भडोचच्या आधींचा आहे, आणि त्याची उत्पत्ति समुद्रांत झालेली नाहीं. म्हणून त्याचा साक्षीदार एकहि नाहीं.

(६) शालग्राम

आतां देवघराकडे वळूं. हिमालयाच्या उत्तर अंगास स्पितीपासून नेपाळांतील मुस्तांगपर्यंत काळ्या पातळ पापुद्र्यांच्या खडकाचे थर आहेत. स्पिती येथील नांवावरून त्यांस स्पिती शेल म्हणतात. जुरासिक काळाच्या उत्तरार्धांत व त्यानंतरच्या थोड्या काळांत, म्हणजे सुमारें सोळा ते चौदा कोटि वर्षांपूर्वीं, ते टेथिस नांवाच्या समुद्राच्या तळाशीं सांचले. मेलेला अमोनाइट काळ्या चिखलांत पडे, त्याच्या भोंवतीं खनिज द्रव्य गोळा होऊन कठीण गोटा बने. पुढें भारतभूमि आशियास भिडली, समुद्राचा तळ वर उचलला गेला, आणि ते थर आज मुक्तिनाथाच्या परिसरांत साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहेत. मऊ शेल झिजून जातो, कठीण गोटा उरतो, व काळी गंडकी त्यास घासून गुळगुळीत करते. गोटा फुटला कीं आंत चक्र दिसतें. कांहींवर जी सोन्यासारखी रेघ चमकते ती लोखंड व गंधक ह्यांच्या संयोगाची आहे. आपल्या रसशास्त्रांतील माक्षिकाच्या वर्गांतली.

आमच्या प्राचीनांस हें चक्र नैसर्गिक आहे, मनुष्यानें कोरलेलें नव्हे, हें पक्कें ठाऊक होतें; आणि तें प्राण्याचें कार्य आहे असेंहि त्यांनीं ओळखलें होतें. ब्रह्मवैवर्त पुराणांत व देवीभागवतांत तुळशीच्या शापाची कथा आहे. त्या कथेप्रमाणें विष्णु गंडकीच्या तीरीं शिळारूप झाला व वज्रासारख्या दातांचे कीटक त्या शिळेंत चक्रें कोरतात. कथा कथेच्या ठिकाणीं. तींत शिळेचें स्थान व जीवाचा संबंध ह्या दोन गोष्टी अचूक आल्या आहेत. भागवताच्या पंचम स्कंधांत भरत राजा ज्या पुलहाश्रमांत जातो तेथील नदीहि चक्रांकित शिळांनीं युक्त अशीच वर्णिली आहे.

ह्याहून महत्त्वाचा मुद्दा नांवाचा आहे. ‘शालग्राम’ हें मूळ दगडाचें नांव नव्हे, तें स्थळाचें नांव आहे. महाभारताच्या तीर्थवर्णनांतहि तें तीर्थ म्हणूनच येतें. शाल वृक्षांच्या गांवावरून क्षेत्रास, व क्षेत्रावरून शिळेस तें मिळालें. द्वारकेच्या चक्रांकित शिळेसहि द्वारावतीशिला असें स्थळावरूनच म्हणतात. ती बहुधा पोंवळ्याच्या जातीच्या प्राण्यांनीं बनलेली असते. पंचायतनाचे पांच पाषाण पाहिले तरी तेंच. विष्णूस गंडकीचा शालग्राम, शिवास नर्मदेचा बाण, गणपतीस शोणभद्राचा तांबडा दगड, देवीस सुवर्णमुखीचा धातूसारखा दगड, व सूर्यास दक्षिणेकडील स्फटिक. पांच देव, पांच स्थळें. शास्त्रकारांनीं पाषाण व त्याचें स्थळ ह्यांची गांठ कधीं सुटूं दिली नाहीं. ती सुटली आमच्या संग्रहांतील चिठ्ठ्यांवर.

‘शालग्रामलक्षण’, ‘शालग्रामपरीक्षा’ अशा नांवांच्या लहान पोथ्या पुष्कळ संग्रहांत असतात. धार्मिक म्हणून त्या सहसा बाजूस ठेवल्या जातात. त्यांत रंग, आकार, द्वार, चक्रांची संख्या व रेषा ह्यांवरून लक्ष्मीनारायण, नरसिंह, वामन, दामोदर, सुदर्शन इत्यादि भेद सांगितलेले असतात. एखाद्या घराण्याच्या यादींत ‘नरसिंह एक, दामोदर एक’ अशी नोंद असेल तर तेवढ्यावरून आज हातीं असलेला शालग्राम तोच कीं दुसरा हें ताडून पाहतां येतें. ह्या दृष्टीनें त्या पोथ्या इतिहासाचें साधन आहेत.

(७) फसविणाऱ्या वस्तु

मुळशीच्या खडकांतहि जीवाश्मासारखे दिसणारे पदार्थ आहेत, आणि त्यांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. रस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे राहतात, व पुढें त्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट असे स्फटिक बसतात. पंख्यासारखा पसरलेला स्टिल्बाइट शिंपल्यासारखा दिसतो. बुडबुडे उभे लांबट असले तर त्यांच्या भरलेल्या नळ्या पोंवळ्याच्या फांद्यांसारख्या भासतात. वाहता रस पिळल्यामुळें त्याच्या पृष्ठभागास दोरासारख्या वळ्या पडतात. त्यांस शंखाचीं वेटोळीं समजलें जातें. खडक झिजतांना कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोल गोटे सुटतात. ते अंड्यांसारखे वाटतात. भेगांत मँगेनीजची काळी नक्षी नेच्याच्या पानासारखी उमटते.

खरें कवच असेल तर त्याची रचना नियमित असते. अमोनाइटाच्या वेटोळ्यास कप्पे असतात व कप्प्यांच्या पडद्यांची कडा बाहेरून नागमोडी रेषेनें दिसते. अशी रेषा स्फटिकांत कधींच नसते. आम्लाचा थेंब टाकून बुडबुडे आले म्हणजे तें कवच, असें मात्र मानूं नये. ट्रॅपाच्या पोकळ्यांत कॅल्साइटहि असतें, आणि तेंहि तसेंच फसफसतें. शिवाय पूजेच्या वस्तूवर आम्ल टाकणें कोणत्याहि दृष्टीनें योग्य नव्हे.

(८) परशुरामाची कथा

परशुरामानें सह्याद्रीवरून बाण सोडून समुद्र हटविला व कोंकण निर्माण केलें, ह्या कथेंत भूस्तरांची स्मृति आहे काय, असा प्रश्न नेहमीं विचारला जातो. पश्चिम किनारा आजच्या जागीं येऊं लागला तो भारतापासून सेशेल्सकडील भूमि तुटल्यावर. तो काळ सुमारें सवासहा कोटि वर्षांपूर्वींचा आहे, आणि तेव्हां मनुष्य नव्हता. सह्याद्रीचा कडा त्यानंतर झिजत झिजत पूर्वेस सरकला. समुद्र कड्याच्या पायथ्याशीं होता व मागें गेला असें नसून, कडाच समुद्रापासून दूर गेला आहे. किनाऱ्यावरील शंखचुऱ्याचा दगड मात्र समुद्राची पातळी कांहीं हजार वर्षांत थोडी खालींवर झाल्याचें दाखवितो. असली घटना लोकस्मृतींत राहणें अशक्य नाहीं. परंतु ती किनाऱ्याच्या गांवांची स्मृति होईल, समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंच असलेल्या मुळशीच्या खोऱ्याची होणार नाहीं.

(९) संग्राहकांस विनंति

मुळशीच्या बाबतींत ही चर्चा आतांच करण्यास एक कारण आहे. मुळा व निळा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत टाटांचें धरण होऊं घातलें तेव्हां तेथील शेतकऱ्यांनीं १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ह्यांस ‘सेनापति’ हें नांव ह्याच लढ्यानें दिलें. लढा १९२४ पर्यंत चालला. तरी धरण झालें, आणि खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं. घरें सोडतांना लोकांनीं बरोबर नेलें तें देव, दप्तर व भांडीं. तीं घराणीं पांगलीं. आतां त्या देवघरांतील वस्तु तिसऱ्या चौथ्या पिढीच्या हातून संग्रहांत येत आहेत, आणि त्यांवर ‘मुळशी’ एवढा एकच शब्द लिहिलेला असतो. जें गांव पाहतां येत नाहीं त्याच्याविषयीं पुढचा मनुष्य चिठ्ठीवरच विसंबणार.

म्हणून आमची सूचना अशी कीं, असा पाषाण नोंदवितांना तीन रकाने निराळे ठेवावेत. पहिल्यांत पाषाणाचें उत्पत्तिस्थान: शालग्राम असल्यास गंडकी, आणि संशय असल्यास तसें स्पष्ट लिहावें. दुसऱ्यांत तो कोणत्या गांवीं व कोणत्या घराण्यांत पूजेंत होता. तिसऱ्यांत तो तेथें कोणत्या मार्गानें आला. तिसरा रकाना बहुधा रिकामा राहील, आणि इतिहासाच्या दृष्टीनें तोच सर्वांत मोलाचा आहे. तो भरण्याचीं साधनें दप्तरांतच आहेत. काशीयात्रेचे जमाखर्च, दानपत्रें, वांटणीपत्रांतील देवांच्या याद्या, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील लेख ह्यांत शालग्रामाचा उल्लेख येणें स्वाभाविक आहे. वांटणींत शेतें, वाडा व भांडीं ह्यांबरोबर देवांचीहि वांटणी लिहिलेली असते. ती ओळ नकलून घेतांना आपण पुष्कळदां गाळतों.

गंडकीच्या उगमाकडील डोंगरांतला एक काळा गोटा मावळांतल्या खोऱ्यापर्यंत यावा, ह्यास कोणी तरी मनुष्य, कांहीं तरी वाट व एखादें वर्ष असलें पाहिजे. मुळशीचा कातळ मूक आहे व त्यानें आणखी सांगण्यासारखें कांहीं नाहीं. शोध करावयाचा तो रुमालांत. ज्या वाचकांजवळ पौड, मुठें किंवा कोरबारसें ह्या मावळांतील घराण्यांचीं वांटणीपत्रें अथवा यात्रेचे जमाखर्च असतील त्यांनीं त्यांतील देवांच्या नोंदी शकासह उतरून प्रसिद्ध कराव्या. थोड्या नोंदी जरी जमल्या तरी पुष्कळ चिठ्ठ्या दुरुस्त होतील.